शाळेची वाट आणि परतीची गाडी : सोलापूर जिल्ह्यातल्या पालक, शिक्षक आणि ग्रामपंचायतींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत अकरा तालुक्यांतून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच विषयाचे प्रश्न जोडून घेतले आहेत. एका उत्तरातली माहिती दुसरीकडे लागत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रस्ता झाला की मुलं शाळेत जातातच ना? मग आणखी काय बघायचं?

रस्ता हवाच, पण त्यानं अर्धंच काम होतं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. त्या योजनेत रस्ता मिळालेल्या गावांचा देशभराचा अभ्यास झाला, त्यात सहावी ते आठवीची पटसंख्या साधारण ७ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. ही वाढ खरी आहे, तरी रस्ता झालेल्या सगळ्याच गावांतली सगळी मुलं शाळेत टिकली असं त्यातून निघत नाही.

मुलाच्या प्रवासाचे तीन तुकडे असतात : वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत, डांबरीपासून शाळेपर्यंत आणि संध्याकाळी परत घरापर्यंत. तिन्हींतला जो सर्वांत कच्चा, त्यावर शाळा टिकते किंवा सुटते. आपल्याकडे बहुतेक वेळा तिसरा तुकडा तुटतो. सकाळची गाडी गावाला बाजार, दवाखाना, कचेरी यांसाठी हवीच असते, म्हणून ती चालू राहते. बाजारकरी तीन-चारपर्यंत परततात आणि शाळा पाचला सुटते. पाचनंतरच्या फेरीला मुलांशिवाय कोणी वाली नसतो आणि कपात आली की पहिली कात्री तिलाच लागते.

२. कायद्यानं शाळा किती अंतरावर असायला हवी?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा हवी, पुरेशी मुलं असतील तर. वस्ती फार लहान असल्यानं शाळा काढता येत नसेल, तर मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय करायची, असं त्याच नियमांत आहे.

या तरतुदीचा आधार घेऊन समग्र शिक्षा योजनेतून वाहतूक भत्ता मिळतो. कमाल मर्यादा वर्षाला प्रति विद्यार्थी ६,००० रुपये. त्यासाठी वस्तीचं नाव, जवळच्या शाळेचं अंतर आणि मुलांची यादी मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुखांकडे व तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावी लागते. प्रस्ताव अडतो तो अंतराच्या दाखल्यावर. नकाशावरचं सरळ अंतर ८०० मीटर आणि ओढ्याला वळसा घालून चालायची वाट दोन किलोमीटर, असं असेल तर चालायच्या वाटेचंच अंतर लिहा आणि वळसा का घ्यावा लागतो ते एका ओळीत नोंदवा.

नववी-दहावी या कायद्यात येत नाहीत, आणि खरी अडचण तिथेच वाढते (प्रश्न ३).

३. मुलं शाळा नेमकी कधी सोडतात?

शाळा बदलायची वेळ येते तेव्हा. गावातली जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असते. हायस्कूल पाच-सात किलोमीटरवरच्या मोठ्या गावात, ज्युनिअर कॉलेज तालुक्याला. म्हणजे चौथी, सातवी आणि दहावीनंतर दर वेळी अंतर एकदम वाढतं. वर्षाच्या मध्ये शाळा सोडणाऱ्यांपेक्षा जूनमध्ये पुढच्या शाळेत नावच न घालणारी मुलं जास्त आणि त्यांत मुली जास्त. गळती शोधायची असेल तर हजेरीपटापेक्षा आधीच्या शाळेतून गेलेले दाखले आणि पुढच्या शाळेत झालेले प्रवेश ताडून पाहा. दोन याद्यांतला फरक हीच खरी संख्या.

अंतराचा परिणाम किती असतो हे अफगाणिस्तानच्या घोर प्रांतातल्या अभ्यासानं दाखवलं : शाळा एक मैल, म्हणजे दीड किलोमीटरहून थोडी जास्त, लांब गेली की पटनोंदणी १६ टक्के-अंकांनी घसरत होती आणि मुलींवर त्याचा आघात मुलांपेक्षा मोठा होता. देश वेगळा, पण कारण आपल्या ओळखीचं आहे : मुलगी वाटेत एकटी पडते.

४. आमची वस्ती शाळेपासून दोनच किलोमीटर. एवढ्यासाठी कशाला तक्रार, असं सगळे म्हणतात.

दोन किलोमीटर जानेवारीत वेगळे आणि सप्टेंबरात वेगळे. दहा-बारा वर्षांचं मूल दप्तर घेऊन कोरड्या वाटेवर तासाला तीन ते चार किलोमीटर चालतं, म्हणजे अर्ध्या तासाची वाट. त्याच वाटेवर काळ्या रानातला चिखल असेल तर चपलेला गोळे लागतात, चप्पल हातात येते, आणि वेळ दुपटीवर जातो. परिपाठ चुकतो, कपडे भरतात, चार दिवस असं झालं की पाचव्या दिवशी मूल घरीच राहतं.

आपल्या जिल्ह्यात गावठाणाबाहेर, रानातल्या वस्त्यांवर राहणारी कुटुंबं खूप आहेत. शाळा गावठाणात, घर रानात. त्यामुळे ‘गावाला रस्ता आहे’ हे वाक्य कागदावर खरं असूनही मुलाला रस्ता नसतो. तक्रार करताना किलोमीटरसोबत मिनिटं लिहा : कोरड्या दिवशी किती, पावसात किती, आणि मागच्या पावसाळ्यात किती दिवस वाट बंद होती.

५. वस्तीचा रस्ता मागायचा कोणाकडे? ग्रामपंचायत बांधकामकडे बोट दाखवते, बांधकाम जिल्हा परिषदेकडे.

आधी रस्ता कोणत्या वर्गात बसतो ते काढा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्ग वेगळे (प्रश्न १३). रस्त्याला क्रमांक आहे का हे पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात कळतं. क्रमांक नसेल तर निधी पडणं अवघड, म्हणून पहिली मागणी क्रमांक मिळवण्याची.

त्यानंतर क्रम असा ठेवा. ग्रामसभेचा ठराव करा, त्यात रस्त्याचं सुरुवातीचं आणि शेवटचं ठिकाण, लांबी, वस्तीतली घरं आणि शाळेत जाणाऱ्या मुलांची इयत्तावार संख्या असू द्या. गाव नकाशाची प्रत जोडा आणि वाट ज्या गटांतून जाते त्यांचे सातबारे काढा. वाट खासगी गटातून जात असेल तर शेतकऱ्यांची लेखी संमती लागते. सर्वाधिक प्रस्ताव याच कागदावाचून पडून राहतात. मग शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्या. पैसा जिल्हा नियोजन समितीतून ३०५४ किंवा ५०५४ या लेखाशीर्षांतून (रस्त्यांच्या सरकारी खर्चाची खाती), रोजगार हमीच्या पाणंद रस्ता (शेतांमधून जाणारी वाट) कामांतून किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतून येऊ शकतो.

ग्रामसडक योजनांकडून पंधरा घरांच्या वस्तीनं आशा ठेवू नये. प्रधानमंत्री योजनेत सपाट भागात ५०० लोकसंख्येची अट आहे. छोट्या वस्तीसाठी पाणंद रस्ता हाच खरा मार्ग.

रस्ता योजनेतून आधीच झालेला असेल आणि खड्डे पडले असतील, तर नवी मागणी करण्याआधी कडेचा फलक वाचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. पूर्णत्वाची तारीख टिपून घ्या, फोटो काढा आणि मुदतीत लेखी कळवा.

६. पूर्वापार वाट होती, आता शेजाऱ्यानं नांगरून टाकली. मुलं जायची कुठून?

तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करा. अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. पुढारी समजूत काढतील म्हणून वाट बघण्यात ही मुदत निघून जाते, तेव्हा समजूत चालू ठेवा पण अर्ज आधी द्या. वाट आधी नव्हतीच आणि शेतात जायला बांधावरून नवी हवी असेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३ लागतं. स्थळपाहणीच्या दिवशी वाट वापरणारे तीन-चार जाणते शेजारी हजर ठेवा. या दोन्ही कलमांच्या अर्जात शेतीची वहिवाट मुख्य असते. मुलांच्या शाळेचा मुद्दा जरूर लिहा, पण फक्त त्याच्यावर अर्ज उभा करू नका.

७. दर वर्षी मुरूम टाकतो, दर पावसाळ्यात रस्ता जातो. काय चुकतं?

काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर नुसता मुरूम पसरला की पहिल्या मोठ्या पावसात तो मातीत बसतो आणि माती वर येते. ट्रॉलीनं मुरूम आणून ढिगारे पांगवायचे आणि ट्रॅक्टरच्या चाकानं दाबायचं, ही पद्धत सगळीकडे दिसते, आणि चूक तिथेच आहे.

पाणी बाहेर काढणं हे पहिलं काम. दोन्ही बाजूंना चर काढा आणि चराचं पाणी कुठे सोडायचं ते आधी ठरवा, नाहीतर चर म्हणजे लांबट तळं होतं. रस्ता शेतापेक्षा उंच करा. मधोमध उंच आणि कडांना उतार हवा : ३ मीटर रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षा साधारण ६ सेंटिमीटर वर, म्हणजे ४ टक्के उतार. मुरूम एकदम जाड न टाकता थरांनी टाका, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा. जिथे पाणी रस्ता ओलांडतं तिथे नळी टाका. अगदी लहान व्यासाची नळी उसाच्या पाचटानं पहिल्याच पावसात तुंबते, म्हणून माणसाला आतून साफ करता येईल अशीच नळी मागा, आणि तिच्या दोन्ही तोंडांना दगडी भिंत हवीच.

आणखी एक. रस्ता मुलांसाठी केला तरी त्यावरून उसाची ट्रॉली जाते. ओल असताना जड वाहन आत सोडायचं नाही, असा ठराव ग्रामपंचायतीनं केला आणि पाळला, तर तोच मुरूम जास्त पावसाळे टिकतो.

८. एसटीचा पास कोणाला किती सवलतीत मिळतो?

विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे तिकिटाच्या एक तृतीयांश रक्कम भरायची. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, पण शाळकरी मुलीसाठी मोफत पास अधिक फायद्याचा. काही पालक ‘अर्धं तिकीट आहेच’ म्हणून पासच काढत नाहीत. त्यात रोजचे पैसे जातात आणि आगाराच्या नोंदीत ती मुलगी विद्यार्थिनी म्हणून दिसतही नाही. ही दुसरी गोष्ट का महत्त्वाची, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

लागतं काय : शाळेचा बोनाफाईड, आधार, फोटो. पासावर थांब्याचं नाव नेमकं घाला. फाट्यावर उतरणाऱ्या मुलाच्या पासावर गावाचं नाव पडलं की रोज वाद होतो. शाळेनं एकत्र यादी देऊन पास शाळेतच वाटून घेण्याची सोय आगाराकडून मागावी, मुलांचा बसस्थानकावरच्या रांगेत जाणारा दिवस वाचतो.

९. गाडी आहे, पण शाळेच्या वेळेची नाही. आगाराकडे काय मागायचं, कसं मागायचं?

‘गाडी सुरू करा’ असा एका ओळीचा अर्ज आगारात पडून राहतो, कारण आगार व्यवस्थापकाला फेरीचा हिशेब द्यावा लागतो : किती किलोमीटर, किती भारमान (भरलेल्या आसनांचं प्रमाण), दर किलोमीटरला किती उत्पन्न. तुमचा अर्ज त्या हिशेबाच्या भाषेत हवा. त्यात हे असू द्या :

— वाटेतल्या प्रत्येक गावचे विद्यार्थी, इयत्तावार, आणि त्यांतले पासधारक किती. साध्या गाडीत साधारण ४४ आसनं असतात. तीन गावांचे मिळून साठ विद्यार्थी निघाले तर फेरी आपोआप उभी राहते. एकट्या गावानं अर्ज करू नये, वाटेवरच्या गावांनी एकत्र करावा.
— शाळा भरायची आणि सुटायची वेळ, मुख्याध्यापकांच्या पत्रावर.
— सध्याच्या गाड्यांच्या वेळा आणि नेमका बदल : ‘४.१५ ची फेरी ५.२० ला करावी.’ नव्या फेरीपेक्षा आहे त्या फेरीची वेळ बदलून घेणं कितीतरी सोपं. त्यासाठी जादा गाडी लागत नाही की जादा चालक.
— रस्त्याची स्थिती. गाडी साधारण अकरा मीटर लांब असते. ती वळायला गावात मोकळी जागा आहे का, वाटेवर फांद्या आणि लोंबत्या तारा आहेत का, हे आगाराचा माणूस पाहून जातो. फांद्या तोडून घ्या, तारांचं महावितरणला कळवा, आणि मग पाहणीला बोलवा.

सोलापूर विभागात सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, करमाळा, कुर्डुवाडी, सांगोला, मंगळवेढा, अकलूज ही आगारं आहेत. अर्ज ज्या आगाराची गाडी त्या मार्गावर धावते तिथे द्या, तुमचा तालुका कोणता याला महत्त्व नाही. सीमेवरच्या गावांत इथेच घोळ होतो. प्रत विभाग नियंत्रकांना द्या आणि पोच घ्या. अर्जाची वेळ एप्रिल-मे. जूनमध्ये वेळापत्रक बसलेलं असतं.

मुक्कामी गाडीचा विचार जरूर करा. रात्री गावात थांबणारी गाडी सकाळी पहिली फेरी देते आणि संध्याकाळी उशिरा परत येते, म्हणजे शाळेच्या दोन्ही टोकांना ती लागू पडते. ती बंद पडते तेव्हा कारण बहुधा एकच : चालक-वाहकांना झोपायला खोली, पाणी आणि शौचालय नसतं. हे तिन्ही ग्रामपंचायत देऊ शकते आणि तसा ठराव अर्जाला जोडला की मागणीला वजन येतं.

गाडी थांब्यावर न थांबता गेली तर दिनांक, वेळ, गाडी क्रमांक, मार्ग लिहून स्थानकावरच्या तक्रार वहीत नोंदवा. ‘रोज थांबत नाही’ यावर कोणालाच काही करता येत नाही.

१०. मार्चमध्ये शाळा सकाळची होते आणि आषाढीला गाड्याच गायब. या दिवसांचं काय करायचं?

दोन्ही गोष्टी दर वर्षी येतात, तरी दर वर्षी अचानक आल्यासारख्या वाटतात. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो म्हणून शाळा सकाळच्या सत्रात भरते, पण गाडी साडेनऊचीच राहते. ज्या आठवड्यात सकाळची शाळा ठरते त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी आगाराला पत्र द्यावं. शाळेचं वेळापत्रक ठरवतानाही गाडीची वेळ समोर ठेवा. २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत असा शासननिर्णय आहे. त्यामुळे धाकटा आणि थोरला वेगवेगळ्या वेळी निघतात आणि धाकट्याला सोबत उरत नाही.

आषाढीला राज्यभरातून पाच हजारांच्या आसपास गाड्या पंढरपूरच्या वारीला लागतात, त्यात खेड्यातल्या फेऱ्या कमी होतात. नवी शाळा सुरू होऊन जेमतेम दोन-तीन आठवडे झालेले असतात. पाचवीत किंवा आठवीत नव्यानं गेलेल्या मुलाची सवय तिथेच मोडते. रद्द होणाऱ्या फेऱ्यांची यादी आगाराकडून आधी मागा, आणि निदान परतीची एक फेरी राखून ठेवा असा आग्रह धरा. पंढरपूर, माळशिरस, सांगोला, मंगळवेढा या भागांतल्या शाळांनी पालखीच्या मार्गावरचे बंद रस्तेही त्याच पत्रात विचारावेत.

पूर्ण बंद म्हणजे काय होतं हे २०२१ च्या नोव्हेंबरपासून एप्रिल २०२२ पर्यंतच्या संपात दिसलं. कोरोनानंतर शाळा नुकत्या उघडत होत्या आणि खेड्यातल्या मुलांना येण्याचं साधनच नव्हतं.

११. मुलीला सायकल घ्यावी की बसवर अवलंबून राहावं?

तीन ते सहा किलोमीटरला सायकल चांगली. ती वेळापत्रकाला बांधलेली नसते आणि परतीची चिंता मिटवते. बिहारनं २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात मुलींची माध्यमिक नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि ही वाढ मुख्यतः शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत झाली. झांबियात सायकली दिलेल्या मुलींचा प्रवासाचा वेळ सुमारे एक तृतीयांश कमी झाला आणि गैरहजेरीही चौथ्या हिश्शाहून जास्त घटली. बिहारच्या अनुभवातली एक बाब आम्हांला फार मोलाची वाटते : सगळ्या मुलींना एकाच वेळी सायकली मिळाल्यानं त्या घोळक्यानं जाऊ लागल्या. तुमच्या वस्तीतून एकच मुलगी जाणार असेल तर सायकलीचा निम्मा फायदा जातो.

मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी ५,००० रुपये मिळतात, पण योजना ठरावीक १२५ तालुक्यांपुरती आहे. आपला तालुका यादीत आहे का, ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा.

सायकल पडून राहते ती छोट्या कारणांनी. माळरानात वेड्या बाभळीचा काटा ट्यूब फोडतो, म्हणून शाळेत एक पंप, सोल्यूशन, पॅच आणि टायर काढायच्या पट्ट्या ठेवा आणि दोन मुलींना पंक्चर काढायला शिकवा. काळा चिखल मडगार्ड आणि चाकाच्या फटीत अडकतो, चाक फिरेनासं होतं. त्या वाटेवर पावसाळ्यात सायकल डांबरीवरच्या ओळखीच्या घरी ठेवून पुढचं अंतर चालणं बरं. मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे दिवा हवाच (प्रश्न १४). उंची बघून सायकल घ्या : सीटवर बसून पायाचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. ‘पुढे वाढेल’ म्हणून मोठी घेतलेली सायकल मुलगी आज चालवतच नाही.

१२. वडाप किंवा व्हॅननं पाठवतो. काय तपासायचं? आणि नववीतल्या पोरानं स्कूटी नेली तर?

वाहनाची नंबरपाटी पिवळी हवी. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्यानं मुलं नेली तर अपघातात विम्याची भरपाई अडकू शकते. गाडी क्रमांक एमपरिवहन ॲपवर टाकला की फिटनेस, परमिट आणि विमा यांच्या तारखा दिसतात. गाडीत अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, खिडक्यांना आडवे गज आणि मुली असतील तर महिला मदतनीस आहे का पाहा. २०११ च्या राज्याच्या स्कूलबस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. तुमच्या शाळेत ती कधी बसली ते विचारा. व्हॅन शाळेची नाही, पालकांनी ठरवली आहे, या उत्तरानं समिती सुटत नाही, मुलं शाळेच्याच दारात उतरतात.

स्कूटीचं उत्तर सरळ आहे : देऊ नका. बिनगिअरची ५० सीसीपर्यंतची गाडी १६ वर्षांनंतर परवान्यानं चालते, बाकी १८ नंतर. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीनानं गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. मूल स्कूटी मागतं तेव्हा बहुधा परतीच्या गाडीची सोय नसते. ती आधी सोडवा.

१३. महामार्ग रुंद झाला आणि शाळा पलीकडे राहिली. गतिरोधक का बसवत नाहीत?

राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक बसवायचे नाहीत असं केंद्राचं धोरण आहे, त्यामुळे ती मागणी फेटाळलीच जाते आणि वर्ष वाया जातं. पुणे-हैदराबाद ६५, विजयपूरकडे जाणारा ५२, मंगळवेढा-सांगोल्यावरून जाणारा १६६ किंवा पालखी मार्ग ९६५, कुठलाही असो, मागा पादचारी पूल, भुयारी मार्ग, सेवा रस्ता, शाळेचे फलक आणि दुभाजकावर जाळी. भुयारी मार्ग आधीच असेल आणि मुलं तरी दुभाजक ओलांडत असतील तर कारण शोधा. त्यात पाणी साचतं, दिवा नसतो किंवा वळसा मोठा पडतो. पहिल्या दोन गोष्टी १०३३ या क्रमांकावर नोंदवता येतात. अर्जात रस्ता ओलांडणाऱ्या मुलांची सकाळ-संध्याकाळची मोजणी, निदान तीन दिवसांची, जोडा.

१४. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमुळे मुलांना पाठवायला भीती वाटते.

भीती रास्त आहे. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पाचला सुटलेली मुलं नेमकी अंधारात, दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरशेजारून चालतात. ट्रॉलीतला ऊस बाजूला आलेला असतो, मागे दिवा नसतो आणि टेपच्या आवाजात चालकाला हाक ऐकू जात नाही.

मुलांना शिकवा : पायी असाल तर रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारं वाहन दिसेल असं चाला, सायकलवर असाल तर डावीकडून. दोन ट्रॉल्यांच्या मधून कधीही जाऊ नका, जोडणीची दांडी अंधारात दिसत नाही. दप्तराला मागे चमकणारी पट्टी शिवा, खर्च किरकोळ आहे. कारखान्याला हंगामाआधी पत्र द्या : प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल आणि पुढे पांढरा रिफ्लेक्टर, आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या अर्ध्या तासात शाळेजवळच्या रस्त्यावरून वाहनं सोडू नयेत. वाहन मालकांशी करार कारखाना करतो, म्हणून अट घालणं त्याच्याच हातात आहे.

१५. ओढा किंवा नदी मध्ये आहे. पावसाळ्यात शाळा बुडते.

वाहत्या पाण्यात मूल उतरवू नका, मग पाणी उथळ आणि संथ दिसलं तरी. रस्ता खालून खचलेला वरून कळत नाही. भीमा आणि सीनेवरच्या बंधाऱ्यांचा पूल म्हणून वापर होतो, तिथे धोका दुहेरी : वर कठडा नसतो आणि वरच्या धरणातून पाणी सोडल्यावर पातळी पाऊस नसतानाही चढते. उजनीच्या विसर्गाची सूचना तलाठी आणि ग्रामपंचायतीकडे येते, ती शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच क्षणी जायला हवी.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळ्यातली गावं तुटली आणि लांबोटीला सोलापूर-पुणे महामार्गही बंद ठेवावा लागला. अशा वेळी पलीकडची मुलं अलीकडे अडकतात. जूनमध्येच ठरवून ठेवा : गावातली कोणती घरं मुलांना रात्रभर ठेवून घेतील, कोणाचे फोन लावायचे, आणि मुलांना लवकर सोडायचा निर्णय कोण घेणार. पाणी कोणत्या खुणेपर्यंत आलं की शाळा सोडायची, ती खूण पुलाच्या खांबावर रंगानं मारून ठेवा.

१६. चांगला रस्ता झाला आणि उलट आमच्या झेडपी शाळेचा पट घसरला. असं का?

रस्त्यावरून इंग्रजी माध्यमाच्या व्हॅन गावात येऊ लागल्या. ज्यांना भाडं परवडतं त्यांची मुलं गेली, पट वीसच्या खाली आला. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनानं सप्टेंबर २०२३ मध्ये मांडला होता, त्यामुळे ही चिंता पोकळ नाही. रस्त्याचा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही. मागे राहतात ती व्हॅन न परवडणारी मुलं, आणि शाळा हलली तर अंतर त्यांच्याच वाट्याला येतं.

समूह शाळेचा प्रस्ताव आला तर शाळा व्यवस्थापन समितीनं ‘वाहतूक देऊ’ या शब्दावर थांबू नये. वाहन कोणतं, किती फेऱ्या, मदतनीस कोण, गाडी बिघडली तर पर्यायी काय, पैसे महिन्याला येणार की वर्षाच्या शेवटी, हे लेखी मागा. भत्ता उशिरा आला की गाडीवाला येणं थांबवतो. मुलाची शाळा तिथे सुटते.

१७. रस्ता झाल्यावर मोठी मुलं शाळा सोडून कामाला जातात, हे खरं आहे का?

हो, काही प्रमाणात. ग्रामसडक योजनेच्याच आणखी एका अभ्यासात रस्त्यामुळे चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची शाळा वाढली, पण त्यावरच्या किशोरांमध्ये शाळा सोडून कामाला लागण्याचं प्रमाण वाढलं. शहर जवळ आलं की मजुरीही जवळ येते. आपल्याकडे डाळिंबाच्या बागेतली छाटणी, एमआयडीसीतली हेल्परकी, शहरातली दुकानं हीच ती ठिकाणं. म्हणून रस्ता होतो त्याच वर्षी नववी ते बारावीच्या मुलांची गाडी आणि पास पक्के करा. कामाला जायची गाडी सापडते आणि कॉलेजला जायची सापडत नाही, असं होऊ देऊ नका.

१८. आईवडील ऊसतोडीला जातात. मुलासाठी प्रवासाची सोय मागायची की वसतिगृहाची?

मूल गावात थांबत असेल तर हंगामी वसतिगृह मागा, मुलगा नातेवाइकांकडे राहूनही त्याचा लाभ घेऊ शकतो. मागणी सप्टेंबरमध्ये, टोळी निघायच्या आधी करावी. मूल सोबत जाणार असेल तर निघताना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्या आणि ज्या गावी कोपी (ऊसतोड कामगारांची झोपडी) पडेल तिथल्या शाळेत दाखवा. दाखला नाही म्हणून ती शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. फड सतत सरकतो, त्यामुळे आठवड्याला अंतर बदलतं. मुकादमाकडून पुढच्या तळाचं गाव आधी विचारून ठेवावं.

१९. मूल दिव्यांग आहे. वरच्या सगळ्या सोयी त्याला लागू होतात का?

होतात, आणि त्यांच्यावर आणखी काही. समग्र शिक्षेत दिव्यांग मुलांसाठी प्रवास भत्ता आणि सोबत नेणाऱ्यासाठी मदतनीस भत्ता वेगळा आहे, प्रश्न २ मधली अंतराची अट त्याला तशीच लावायची नाही. एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. यासाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) लागतं. अधूनमधून घरी येणाऱ्या विशेष शिक्षकांची सोयही आहे, पण मुलाला नेता येत असेल तर घरच्या शिकवणीवर समाधान मानू नका. दाराशी थांबणारी ठरलेली रिक्षा बहुधा बसपेक्षा उपयोगी पडते. तिचं भाडं भत्त्यात बसतं का, हे रिक्षावाल्याकडून महिन्याचा आकडा लेखी घेऊन गटसाधन केंद्रात दाखवा.

२०. दहावीचं परीक्षाकेंद्र दुसऱ्या गावात आलं आणि गाडी अकराच्या पेपरला वेळेत पोचत नाही.

केंद्र बदलत नाही, गाडी बदलता येते. प्रवेशपत्रं हाती आली की त्याच दिवशी मुख्याध्यापकांनी केंद्राचं नाव, पेपरच्या तारखा आणि परीक्षार्थींची संख्या आगाराला कळवावी. मुलं साडेदहाला केंद्रावर हवीत, म्हणून गाडी दहाला पोचेल अशी मागा. ठरलेली गाडी आली नाही तर काय, याचं उत्तर आदल्या दिवशीच हवं : एक जीप सांगून ठेवा आणि निघण्याची शेवटची वेळ फळ्यावर लिहा. त्या वेळेनंतर एसटीची वाट बघायची नाही.